कुमुदिनी ओळखावी कशी : आधी देठ, मग फूल

साताऱ्याहून कासच्या पठारावर जाऊन आलेली मंडळी दर सप्टेंबरात मला फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "कुमुदिनी दिसली." फोटो उघडून पाहावा तर अनेकदा त्यात वॉटर लिली असते, कधी कुणाच्या बागेतल्या हौदातले कमळ असते, आणि एकदा तर डबक्याकाठी उगवलेले गेंदाचे पांढरे गोळे होते. दोष नजरेचा नसतो, क्रमाचा असतो. पाण्यावर पांढरे फूल दिसले की आपण थेट फुलाकडे पाहतो, ऐकलेले नाव त्याला चिकटवतो, आणि मग पान, देठ यांच्याकडे वळूनही पाहत नाही. या लेखात मुद्दाम उलटा क्रम धरला आहे : आधी पाणी, मग पान, मग देठ आणि त्यानंतर फूल. हा क्रम पाळला, तर फुलाचा हंगाम सरल्यावरही वनस्पतीचे निदान बऱ्याच अंशी करता येते.

घोळाचे मूळ नावात आहे, म्हणून तेवढे आधी निस्तरून घेऊ. संस्कृत काव्यातले कुमुद चंद्राच्या साक्षीने उमलते आणि सूर्य वर आला की मिटते. ते वर्णन रात्री फुलणाऱ्या पांढऱ्या वॉटर लिलीला, म्हणजे निम्फिया या प्रजातीतल्या वनस्पतीला लागू पडते. कासजवळच्या कुमुदिनी तळ्याला जिच्यामुळे नाव मिळाले ती कुमुदिनी मात्र सकाळच्या उन्हात उमलते आणि दुपारी मिटते. तिचे शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. निम्फॉइडिस या शब्दाचा अर्थच 'निम्फियासारखी दिसणारी' असा आहे, तेव्हा फसगत होणारे आपण पहिले नव्हे. प्रत्यक्षात दोघींचे नाते फार दूरचे आहे : निम्फिया ही निम्फिएसी या अतिप्राचीन कुळातली, तर कुमुदिनी मेनिअँथेसी कुळातली, आणि हे कुळ सूर्यफूल ज्या गणात मोडते त्याच गणात येते. जुन्या वनस्पतिग्रंथांत हिचा शोध घेताना 'लिम्नँथिमम' या प्रजातीखाली पाहावे लागते. निम्फॉइडिस हे नाव तिथे सापडले नाही म्हणून नोंदच नाही असे समजू नये.

## तयारी

सामान थोडेच लागते, पण जे लागते त्याला पर्याय नाही. कुमुदिनी पाण्यात असते आणि आपण काठावर असतो, म्हणून आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण हवीच. मोबाईलच्या झूमवर भिस्त ठेवणाऱ्याला फूल दिसते, पण पाकळीवरचे केस दिसत नाहीत, आणि निर्णय तर त्या केसांवरच व्हायचा असतो. काठाशी वाहून आलेले पान किंवा फूल मिळाले तर ते पाहण्यासाठी दहा पटीचे भिंग खिशात असावे. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलरायझर कॅमेऱ्याला लावता आला तर उत्तम. नसेल तर पोलराइज्ड काचांचा गॉगल घालून पाहिले तरी पाण्याखालचा देठ आश्चर्य वाटावे इतका स्पष्ट दिसतो. याशिवाय एक लहान मोजपट्टी, पेन्सिल आणि वही. पेन पावसात फुटते, पेन्सिल फुटत नाही.

पठारावर छत्रीचा उपयोग नाही, वारा ती उलटी करतो. रेनकोट घ्यावा, आणि कॅमेरा व दुर्बीण पुसायला सुती फडके कोरड्या पिशवीत वेगळे ठेवावे. बुटांचा तळ खाचांचा असावा, कारण ओल्या जांभ्यावर शेवाळ चढलेले असते आणि गुळगुळीत तळव्याचा बूट तिथे हमखास घसरतो. फुलांच्या हंगामात कासला प्रवेशशुल्क असते आणि माणसांची संख्या मर्यादित ठेवली जाते, म्हणून निघण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करून घ्यावी. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावाच. गर्दीत रांगेने पुढे सरकत असताना पानाचा देठ न्याहाळता येत नाही.

सावधान : या मार्गदर्शनातल्या एकाही टप्प्यासाठी फूल तोडावे लागत नाही. कासवर फुले तोडण्यास बंदी आहे. आणि बंदी नसलेल्या गावतळ्यातसुद्धा ओळखण्यासाठी तोडण्याची गरज नाही.

## टप्पा १ : योग्य पाणी, योग्य वेळ

कासला दोन वेगवेगळी पाणी आहेत आणि पहिली चूक तिथेच होते. सातारा शहराला पाणी पुरवणारा, बंधारा घातलेला मोठा कास तलाव वेगळा. कुमुदिनी तळे वेगळे. कास तलावाच्या काठावर उभे राहून "कुमुदिनी कुठे आहे?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. कुमुदिनी तळ्याकडे पठारावरून महाबळेश्वरच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने सुमारे २ किलोमीटर चालत जावे लागते. वाट सोपी आहे, पण वाटेच्या दोन्ही बाजूंना फुलांचे ताटवे असतात, तेव्हा पाऊल वाटेवरच राहू द्यावे.

कास हे काही तिचे एकमेव घर नव्हे. निम्फॉइडिस इंडिका उष्ण प्रदेशात दूरवर पसरलेली आहे, आणि सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या गावतळ्यात, पाझर तलावाच्या उथळ शेपटीत किंवा पाणी साचून राहिलेल्या खणीत तिचा शोध घेणे अगदी रास्त आहे. पाण्याची परीक्षा अशी : ते साचलेले किंवा जेमतेम हलणारे असावे, तळाशी गाळ असावा, आणि काठाकडचा भाग उथळ असावा. कृष्णेच्या वाहत्या धारेत तिला शोधू नये. जलपर्णीने गच्च भरलेल्या खणीतही सहसा निराशाच पदरी पडते, कारण तरंगत्या पानांना तिथे पाण्यावर जागाच उरत नाही.

ऋतू म्हणाल तर ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत. ऑगस्टच्या आरंभी पठारावर धुके आणि पाऊस इतका असतो की दुर्बिणीतून फक्त पांढुरकेपणा दिसतो.

दिवसातली वेळ मात्र ऋतूपेक्षाही महत्त्वाची आहे. एकेक फूल एकच दिवस टिकते. सकाळी उमलते, दुपारी मिटते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच झुबक्यातली दुसरी कळी उमलते. सकाळी नऊ ते बारा ही खात्रीची वेळ धरावी. ढगाळ, गारठ्याच्या दिवशी फुले उशिरा उघडताना मी पाहिली आहेत, तेव्हा नऊला पोचून तळे हिरवेच दिसले तर तासभर थांबावे. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो साताऱ्यात निवांत जेवून. तळ्यावर पोचेस्तोवर साडेतीन झाले होते. पाण्यावर नुसती पाने होती. मी वहीत 'हंगाम संपला' असे ठळक लिहिले आणि परतलो. चारच दिवसांनी शेजाऱ्यांच्या मुलाने त्याच तळ्याचा फोटो दाखवला, त्यात पाणी पांढरे झाले होते. तो सकाळी दहाला गेला होता, एवढाच फरक.

पडताळा : वहीत जागा, तारीख आणि वेळ लिहिली का? 'फूल दिसले नाही' ही नोंद वेळेशिवाय निरर्थक ठरते.

## टप्पा २ : पान

आता फुलाकडे दुर्लक्ष करावे, निदान दहा मिनिटे. पाण्यावरची पाने पाहावीत आणि एकच प्रश्न विचारावा : पानाला खाच आहे का?

कमळाचे पान पूर्ण गोल असते, त्याला काठापासून आत जाणारी चीर नसते आणि देठ पानाच्या मधोमध, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो. त्याची बरीच पाने पाण्याच्या वर उचललेली असतात, देठाला बोचरे काटे असतात, आणि पानावर पडलेले पाणी पाऱ्यासारखे गोळा होऊन घरंगळते. एवढे दिसले की ते कमळ. पुढचे टप्पे लागत नाहीत.

पान गोलसर असून त्याला हृदयाकृती खोल खाच असेल आणि ते पाण्यावर सपाट पसरले असेल, तर कुमुदिनी आणि वॉटर लिली या दोन्ही शक्यता शिल्लक राहतात. येथे कडा पाहाव्यात. काही वॉटर लिलींच्या पानांची कडा करवतीसारखी दातेरी असते. कुमुदिनीची कडा सरळ, फार तर किंचित लहरी असते. दाते दिसले तर कुमुदिनी बाद. मात्र दाते नसले म्हणून कुमुदिनी सिद्ध झाली असे नाही, कारण निळसर फुलांच्या वॉटर लिलीची पानेही बऱ्याचदा जवळजवळ सरळ कडांची असतात.

काठाशी लागलेले एखादे तुटके पान मिळाले तर उलटे करून पाहावे. वॉटर लिलीच्या पानाखाली शिरांचे जाळे उठावदार असते, बोटाला जाणवते. कुमुदिनीच्या पानाची खालची बाजू जाडसर, काहीशी स्पंजासारखी आणि बारीक ठिपक्यांनी भरलेली असते.

सावधान : पानाखालचा जांभळा रंग ही खूण नव्हे. तो दोघींतही आढळतो. पानाच्या लहान-मोठेपणावरही निर्णय देऊ नये; एकाच तळ्यात काठाकडच्या उथळ चिखलातली पाने तळहाताएवढीही नसतात आणि खोल पाण्यातली ताटलीएवढी होतात.

## टप्पा ३ : देठ

वेळ कमी असेल तर बाकी सगळे सोडून हाच टप्पा करावा, इतका तो निर्णायक आहे. दुर्दैवाने सर्वांत जास्त गाळला जाणारा टप्पाही हाच.

वॉटर लिलीत पानाचा देठ वेगळा आणि फुलाचा दांडा वेगळा असतो. दोन्ही तळच्या गाळातल्या गड्ड्यापासून स्वतंत्रपणे निघून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतात, आणि एका दांड्यावर एकच फूल असते. म्हणून फुलाच्या दांड्याचा माग घेत खाली जावे तर तो कोणत्याही पानाला न भेटता थेट तळाशी जातो.

कुमुदिनीची ठेवण निराळी आहे. तळातून वर येतो तो खरे तर देठ नसून दोरीसारखे बारीक, लांब खोड असते. पृष्ठभागाच्या किंचित खाली त्याला पेर येते. त्या पेरावर एक पान फुटते आणि त्याच पेरापासून फुलांचा झुबका निघतो. पानाचा खरा देठ त्या पेराच्या वरचा, अगदी आखूड असतो. पण वरून पाहणाऱ्याला ते खोड पानाचाच लांब देठ वाटते, आणि फुले जणू पानाच्या देठातूनच फुटली आहेत असे दिसते. झुबक्यात पुष्कळ कळ्या असतात, प्रत्येकीला स्वतःचा बारीक दांडा असतो, आणि एका वेळी त्यांतल्या एक-दोनच उमलतात. उमललेले फूल पाण्याच्या वर बोटभर उंच उभे राहते. मिटल्यावर त्याचा दांडा वाकून पाण्यात जातो आणि फळ पाण्याखालीच पिकते.

थोडक्यात प्रश्न असा : फूल पानाच्या खाचेजवळ, पानाला बिलगून वर आले आहे की पानांच्या मधल्या मोकळ्या पाण्यातून स्वतंत्र? खाचेजवळून असेल आणि तिथेच पाण्यात मिटलेल्या व न उमललेल्या कळ्यांचा गुच्छ दिसत असेल, तर ती निम्फॉइडिस. मोकळ्या पाण्यातून एकटे आले असेल तर निम्फिया.

हे पाहायचे कसे, तर उन्हाकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे पाण्यात आकाशाचे प्रतिबिंब कमी पडते. काठापासून हातभर अंतरावरचे पान निवडावे. वाऱ्याच्या झुळकीने पानाची कडा उचलली जाते तेव्हा खालचा झुबका क्षणभर दिसतो. त्या क्षणाची वाट पाहावी. तेही जमले नाही तर लांब काठीच्या टोकाने पान अलगद, जेमतेम दोन बोटे उचलावे आणि लगेच सोडावे. ओढू नये. खोड दोरीसारखे असल्यामुळे ओढले की तळाशी तुटते आणि त्याच्याबरोबर तो सगळा झुबका जातो. काठीने पान उचलण्याचे काम गावतळ्यापुरतेच ठेवावे. कासच्या तळ्यावर दुर्बिणीनेच समाधान मानावे.

येथे एक फसवी परिस्थिती सांगून ठेवतो. पाने दाट असतील तेव्हा वॉटर लिलीचे फूलही योगायोगाने एखाद्या पानाच्या खाचेतून वर आलेले असू शकते. एकाच फुलावर विश्वासू नये. निदान पाच-सहा फुले पाहावीत. योगायोग एका फुलाचा होतो, सहा फुलांचा होत नाही.

पडताळा : एका पानाशी एकाहून अधिक कळ्या प्रत्यक्ष दिसल्या का? दिसल्या नसतील तर वहीत 'देठ अनिश्चित' असे प्रामाणिकपणे लिहावे आणि पुढे जावे. अंदाजाने भरलेला रकाना नंतर खरा वाटू लागतो.

सावधान : देठ जवळून पाहता यावा म्हणून पाण्यात उतरू नये. वरून वीतभर दिसणाऱ्या पाण्याखाली गुडघाभर गाळ असू शकतो आणि खणींचे काठ तर एकदम तुटलेले असतात. जळवांचा उपद्रव वेगळाच.

## टप्पा ४ : फूल

आता दुर्बीण फुलावर आणावी. वॉटर लिलीचे फूल म्हणजे पाकळ्यांची अनेक वर्तुळे, बाहेरून चार हिरवट निदले आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांची दाटी. कुमुदिनीचे फूल त्या मानाने लहान, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढे असते. पाकळ्यांचे एकच वर्तुळ, रंग पांढरा आणि घशात पिवळा धम्मक डाग. पाकळ्या बहुधा पाच असतात. सहा, सात, क्वचित आठही आढळतात, आणि त्याने गोंधळून जाण्याचे कारण नाही. दहा फुलांच्या पाकळ्या मोजून संख्या लिहाव्यात; जो आकडा पुनःपुन्हा येईल तो तुमच्या तळ्याचा.

पाकळ्या एकमेकींपासून सुट्या वाटतात, पण तळाशी त्या जोडलेल्या असून त्यांची आखूड नळी बनलेली असते. पाण्यावर गळून तरंगणारे फूल मिळाले तर हे चटकन पटते : ते अख्ख्या चांदणीसारखे एकत्र सुटून येते. वॉटर लिलीच्या पाकळ्या एकेक करून सुटतात.

यानंतरची खूण सर्वांत देखणी आणि सर्वांत उपयोगी. कुमुदिनीच्या पाकळीचा वरचा पृष्ठभाग आणि कडा पांढऱ्या, मऊ केसांनी भरलेल्या असतात. दुरून फूल धूसर दिसते, जणू फोटो हलला आहे. दुर्बिणीतून पाहिले की शुभ्र लोकरीची झालर लावल्यासारखे वाटते. बरेच लोक 'फोकस नीट लागला नाही' म्हणून नेमका तोच फोटो पुसून टाकतात. पुसू नये.

सावधान : पावसाने भिजलेल्या फुलात हे केस पाकळीला चिकटून बसतात आणि पाकळी गुळगुळीत वाटते. सर येऊन गेल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा, किंवा सरीनंतर उमललेले ताजे फूल निवडावे.

फुलाच्या आत डोकावताना आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्यामुळे जाणकारही चकतात. काही फुलांत मधली कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचे टोक, पुंकेसरांच्या वर डोके काढते, तर काहींत ती पुंकेसरांच्या खाली दडलेली असते. या दोन जाती नव्हेत. कुमुदिनीत लांब कुक्षीवृंताची (कुक्षीखालच्या दांडीची) आणि आखूड कुक्षीवृंताची अशी दोन प्रकारची झाडे असतात आणि परागीभवन मुख्यतः एका प्रकाराचे दुसऱ्याशी होते. एका झाडावर मात्र एकच प्रकार मिळतो. गाळातल्या खोडाने एकच झाड पसरून मोठा ताटवा करू शकते, त्यामुळे एका जागी उभे राहून पन्नास फुले पाहिली तरी सगळी एकाच प्रकारची निघण्याचा संभव असतो. तुलना करायची तर तळ्याच्या दुसऱ्या टोकाला चालत जावे.

## टप्पा ५ : जवळची बहीण वेगळी काढणे

इथपर्यंत आले की ती निम्फॉइडिस आहे एवढे ठरते. इंडिकाच आहे असे अजून ठरलेले नाही. अनेक जण या टप्प्यावर खूश होऊन वही मिटतात.

हिची एक बहीण आपल्याच देशातली आहे. ग्रंथांत ती निम्फॉइडिस क्रिस्टाटा किंवा हायड्रोफिला या नावांनी येते. पाने तशीच, देठाची ठेवण तशीच, फूल पांढरे, घसा पिवळा. फरक पाकळीत. क्रिस्टाटाच्या पाकळीवर केसांची लव नसते. त्याऐवजी पाकळीच्या मधोमध, बुडापासून टोकाकडे, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी पातळ घडी असते आणि कडा चुण्या पडल्यासारख्या लहरी असतात. म्हणजे झालर असेल तर इंडिका, घडी असेल तर क्रिस्टाटा. दुरून घेतलेल्या फोटोत दोन्ही पांढऱ्या चांदण्याच दिसतात, आणि म्हणूनच फोटोवरून नाव सुचवणारी मोबाईल ॲप्स या दोघींची सर्रास अदलाबदल करतात. ॲपने नाव सांगितले तरी पाकळी स्वतः पाहावी. फूल पिवळे असेल तर ती प्रजातीतली तिसरीच कुणी. इंडिकाची फक्त घशातली पिवळाई असते, पाकळी पिवळी नसते.

आणखी एक वनस्पती लक्षात ठेवावी, ती ऑटेलिया. तिचेही फूल पांढरे किंवा फिकट गुलाबी असून पाण्यावर एकटे येते, पण पाकळ्या तीनच असतात आणि पाने बहुतांशी पाण्याखाली बुडालेली असतात. तीन पाकळ्या मोजल्या की प्रश्न मिटला.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, उथळ डबक्यांत इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा दिसला, तर तो वायतुरा. त्याचे शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे साताऱ्याचेच नाव लावलेली वनस्पती. कुमुदिनीशी तिची गल्लत होऊ नये इतकी ती वेगळी आहे. तरी पाणवनस्पती म्हणून दोघींचे फोटो एकाच नावाखाली ठेवलेले मी पाहिले आहेत. वायतुरा दिसला तर डबक्याच्या काठावरूनच पाहावा. अशा डबक्यात एक पाऊल पडले तरी तळाचे रोप जाते.

## टप्पा ६ : फोटो आणि नोंद

एका नोंदीसाठी फोटो कोणते, याची यादी पाठ असावी, कारण तळ्यावर गेल्यावर माणूस फुलांचेच चाळीस फोटो काढतो. पहिला फोटो संपूर्ण तळ्याचा, काठासह. दुसरा पानांचा, खाच दिसेल असा. तिसरा पानाच्या खाचेजवळच्या कळ्यांच्या झुबक्याचा; हा नसेल तर बाकीचे फोटो जाणकाराच्या फारसे कामाचे नाहीत. चौथा फुलाचा थेट वरून, पाकळ्या मोजता येतील असा, आणि पाचवा बाजूने, केसांची झालर दिसेल असा. काठाला लागलेले पान मिळाल्यास त्याची खालची बाजू मोजपट्टीसह. पांढऱ्या फुलाचा फोटो काढताना मोबाईल उजेड जास्त धरतो आणि पाकळी नुसता पांढरा डाग होते. म्हणून स्क्रीनवर फुलाला बोट लावून उजेड थोडा खाली ओढावा.

वहीत तारीख, वेळ, आकाश ढगाळ की निरभ्र, पाण्याची अंदाजे खोली, फुलांतील पाकळ्यांच्या संख्या आणि कुक्षी वर की खाली हे जागेवरच लिहावे. घरी येऊन लिहू म्हटले की यवतेश्वरचा घाट उतरेपर्यंत निम्मे विसरलेले असते.

नोंद आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गनिरीक्षणांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकली तर जाणकार ती तपासू शकतात. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना फोटो दाखवणे हा त्याहून जुना आणि अजूनही चांगला मार्ग आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, आणि तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाला आपल्या सड्यांची उत्तम जाण आहे.

पडताळा : तिसरा फोटो आहे का? नसेल तर काठ सोडण्यापूर्वी तो काढावा.

सावधान : एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जायचे असेल तर बूट, काठी आणि मोजपट्टी चिखलासकट नेऊ नये. काठावरच, पण पाण्यापासून दूर, बाटलीतल्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. जलपर्णीचा एखादा कोंब खणीतून सड्यावरच्या तळ्यात पोचायला एवढे निमित्त पुरते.

## टप्पा ७ : दुसरी फेरी

कुमुदिनी बहुवर्षायू आहे. फुले संपली, पाने कुजली, तरी गाळातले खोड जिवंत राहते आणि पुढच्या पावसात त्याच जागी पाने वर येतात. म्हणून पहिल्या फेरीत जी जागा नोंदवली तिथे पुन्हा जावे, आणि जाण्यासाठी दोन वेळा निवडाव्यात. एक, ऑक्टोबरअखेर : तेव्हा वाकून पाण्यात गेलेले फळांचे दांडे पानाखाली पाहता येतात आणि देठाबद्दल जे अनिश्चित राहिले असेल ते पक्के होते. दुसरी, पुढल्या वर्षीचा जुलै : तेव्हा फूल नसते, नुसती कोवळी पाने असतात.

दुसऱ्या फेरीत पाणी ओसरलेले असेल तर काठच्या चिखलात रुजून राहिलेली लहान पाने दिसतील. ती वेगळी वनस्पती समजून नवी नोंद करू नये. बोटाने चिखल न उकरता, त्याच पानाची खाच आणि कडा पाहावी, आणि जुन्या नोंदीखालीच तारीख टाकून लिहावे.